तिमुखी तेलपात्र

वामनरावजीनं मले रत्नागिरीले नेलं ते काही मायेनं नाही नेलं. त्यायले सामान उचलायले माणूस पाहिजे होता आन कागद टाइप करायले बी. एकाच माणसात दोन्ही कामं होत होती, तिकीट एकच लागत होतं.

गोष्ट एकोणऐंशीची. प्रताप नगरात वामनरावजीचं घर. समोरच्या दोन खोल्यायत ते इतिहासाचं संग्रहालय काढून राहिले होते. बापजाद्याची मालगुजारी गेली, पण तलवारी राहिल्या, हंडे राहिले, पेटीभर कागद राहिले. मी तिथं तीन महिन्याच्या बोलीवर टायपिस्ट. सातवीत शाळा सोडली. टाइपिंग एका बंद पडलेल्या प्रेसच्या मशीनवर आपल्याच बोटानं शिकलो, म्हणून सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेट नाही म्हणून सरकारी हापिसात कोणी दारात उभं करत नाही. इथं पक्का झालो तर झालो, नाही तर हुडकेश्वरले परत, मायसोबत दुसऱ्याच्या वावरात. आन वामनरावजीचा भाचा कृष्णकांत सर्टिफिकेट घेऊन बसलाच होता. हप्त्यातून एकदा तरी वामनरावजी मले ऐकू जाईल असं म्हणत, "कृष्णकांतचा स्पीड चाळीसचा आहे म्हणे."

मले हा माणूस आवडत नव्हता. त्याले मी आवडत नव्हतो. दोघायले बी हे माहीत होतं.

त्यायच्या डोक्यात एकच होतं. नागपूरच्या लोकायनं समुद्र पाह्यला नाही, तर संग्रहालयात समुद्राचं काहीतरी पाहिजे. पण पैसे देऊन नाही, अदलाबदलीनं. म्हणून आजोबाची चांदीच्या मुठीची कट्यार सोबत घेतली. धुतलेल्या धोतरात गुंडाळलेली ती कट्यार कोल्हापूरपर्यंत रेल्वेत आन पुढं एसटीत माह्या मांडीवर. घाटात दोनदा ओकारी झाली. वामनरावजी म्हणाले, "कट्यारीवर नको."

रत्नागिरीत तीन लहान लहान संग्रहालयं पाह्याची होती.

पहिलं एका जुन्या जहाज एजंटच्या ओसरीवर. दारात स्टुलावर बाई बसली होती. वामनरावजीनं ओळख दिली, "आम्ही नागपूरहून आलो. आमचं सुद्धा संग्रहालय आहे."

"मग तिथलंच बघायचं की," बाई म्हणाली. "तिकीट आधी."

आत एक होकायंत्र, दोन दुर्बिणी, दोर. वामनरावजीनं दुर्बीण मागितली. बाईनं आमच्याकडं असं पाह्यलं का जसं आम्ही तिच्या घरातला पाळणा मागून राहिलो.

दुसरं एका शाळेच्या खोलीत. किल्ली शिपायाकडं, शिपाई मासे घेऊन घरी जेवायले गेलेला. दोन घंटे आम्ही पायरीवर. आला तो ढेकर देतच आला. शिंपले, नाणी, एका बोटीचा फोटो. दहा मिनिटं झाली नाही तर किल्ल्या वाजवून राहिला.

"एवढंच?" वामनरावजीनं विचारलं.

"एवढंच. तुम्हांला काय आख्खं बंदर हवंय?"

तिसरं वाचनालयाच्या माडीवर. ते एक रिटायर मास्तर सांभाळत. सत्तरीचे, कडक इस्त्रीचा सदरा, हातात छडी. शाळा सुटली, छडी सुटली नव्हती. वामनरावजीनं धोतर सोडून कट्यार दाखवली तसा मास्तरचा आवाज मऊ झाला. "या या. बसा. पाणी घ्या." पाणी फक्त वामनरावजीले.

मग मास्तरनं आम्हाले एका टेबलापाशी नेलं. काचेच्या पेटीत एक लाकडी वाटगं होतं, ओंजळीएवढं, काळंभोर, कडा गुळगुळीत. बुडाले तीन भोकं. खाली कार्ड होतं: 'जहाजावरील दिवे भरण्याचे तिमुखी तेलपात्र.'

"एका तांडेलाच्या घरातून मिळालं," मास्तर छडीनं दाखवत म्हणाले. "जहाजाला रात्री तीन दिवे लागतात. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, डोलकाठीवर पांढरा. तीन भोकांना तीन नळ्या जोडायच्या, वरून तेल ओतायचं, तिन्ही दिवे एकदम भरतात. अशी वस्तू तुम्हांला दुसरीकडे दिसायची नाही."

"वा!" वामनरावजी म्हणाले. त्यायनं वही काढली. लिहून राहिले.

मी त्या वाटग्याकडं पाहून राहिलो. ते चाडं होतं. तिफनीवर बांधतात ते. आपल्याकडं मृगात वावरात जा, दर तिफनीवर हेच दिसते. तीन भोकाखाली तीन नळे, नळे खाली फणायत. बाई तिफनीमागं चालते, चाड्यावर मूठ धरते, मुठीतून जवारी सोडते आन ती तीन तासायत, म्हणजे वावरातल्या तीन ओळीत, सारखी पडते. माही माय प्रयागबाई याच कामाची. वामनरावजीच्याच हुडकेश्वरच्या वावरात पंचवीस वर्षं तिनं मूठ धरली. कडा गुळगुळीत होते ती बायायच्या मनगटानं होते. कोणी घाटावरून हे कधी तिकडं नेलं असंल, तांडेलानं त्यात तेल भरलं बी असंल. पण होतं ते चाडं.

"जी," मी म्हटलं, "हे चाडं हाय."

मास्तरनं मान वळवली. "काय म्हणतात हे?"

"तिफनीचं चाडं. पेरायचं. मले पक्कं माहीत हाय." मी पेटीची काच उचलली, मूठ कशी धरतात ते दाखवावं म्हणून.

छडी टेबलावर आपटली. "हात लावायचा नाही! 'मले माहीत हाय' म्हणे. अहो, आधी बोलायला शिका, मग इतिहास शिकवा. आमच्याकडे भात लावतात. हे असलं इथे कशाला येईल?"

"तेच तर म्हणून राहिलो, इथलं नाही ते..."

वामनरावजीनं माह्या दंडाले धरलं आन जिन्यात नेलं. बोटं रुतली.

"तुले बोलायले आणलं काय मी?"

"पण जी, आपल्या वावरात दर साली..."

"दर साली काय? मी वावरात जातो काय रे? मी धुऱ्यावर, बांधावर उभा राहतो. दिवाणजी जाते." ते दबक्या आवाजात बोलून राहिले होते, थुंकी माह्या गालावर. "सत्तर वर्षाचा मास्तर चुकला आन तू सातवी नापास बरोबर?"

"नापास नाही जी. सोडली."

"अबे ऐक. मी संग्रहालयाच्या ट्रस्टले पत्र पाठवलं आहे का रत्नागिरीहून जहाजाची वस्तू आणून राहिलो. आता आणखी एक शब्द तोंडातून निघाला तर सोमवारी कृष्णकांत तुझ्या खुर्चीवर. कागद टाइप कर आन बॅग उचल."

मी वर गेलो. वाचनालयाची मशीन होती, तिचा 'ळ' वाकडा पडे. मास्तरनं सांगितलं तसं टाइप केलं. 'एक चांदीच्या मुठीची कट्यार देऊन एक तिमुखी तेलपात्र घेतले.' भराभर टाइप केलं. इतकं भराभर मी आधी कधी केलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "हात बरा आहे याचा. तोंडच तेवढं." वामनरावजी हसले. दोघं माह्यावर हसले तेवढ्यापुरते दोस्त झाले.

येताना माह्या मांडीवर चाडं. आजोबाची कट्यार देऊन वामनरावजी चाडं घेऊन नागपूरले चालले होते, आन मी खिडकीतून बाहेर पाहून राहिलो होतो. खोटं काहून सांगू, मजा बी वाटली. म्हटलं, ने, ने अजून वर उचलून.

उद्घाटन रविवारी सकाळी ठेवलं. खोली भरलेली दिसावी म्हणून हुडकेश्वरच्या जुन्या कुळायले बी बोलावलं, जेवणासकट. ट्रस्टचे देवाजी आले. देवाजी कळमन्याचे धान्याचे अडते, मोठं पोट, मोठा आवाज. माही माय आली, तिच्यासोबत शेजारची देवकी. दोघी बैलगाडीनं आल्या, नवं लुगडं नेसून.

मधल्या टेबलावर लाल मखमल, तिच्यावर ते. वर माह्याच हातानं टाइप केलेलं कार्ड. वामनरावजीनं लोखंडी गज घेऊन सांगायले सुरुवात केली. लाल दिवा, हिरवा दिवा, पांढरा दिवा. शहरातले लोक माना डोलवून राहिले. गावातले गप. कोणी कोणाच्या कानात बोलून राहिलं. वामनरावजीले वाटलं, दंग झाले.

माही माय पुढं आली. तिनं विचारलं बी नाही, हात घातला आन ते उचललं.

"वं देवके," ती म्हणाली, "हे चाडं कायले ठेवलं इथं गादीवर?"

"हात लावू नको बाई," वामनरावजी म्हणाले. "जहाजाचं आहे ते."

"चाडं हाय मालक. पाहा." मायनं मूठ धरली. रिकामीच. मनगट कडेवर टेकलं, बोटं जराशी सैल. सारी खोली तिच्या हाताकडं पाहून राहिली. तिफन नव्हती, दाणे नव्हते, पण साऱ्यायले दिसलं.

पहिले देवाजी हसले. त्यायचं पोट हालून राहिलं. "अरे वामनराव! समुद्रात पेरणी करून राहिले काय गा? काय पेरलं, जवारी का बोंबील?" मग सारे हसले. कुळं हसली. देवकीनं तोंडावर पदर घेतला पण खांदे हालत होते. मागून कोणीतरी म्हटलं, "आमच्या बैलाच्या कोठ्यात अजून दोन जहाजं पडून हायत जी, घेऊन जा!"

वामनरावजीचा चेहरा कसा झाला ते मी डोळे भरून पाह्यलं. पंधरा दिवसापासून मी याचीच वाट पाहून राहिलो होतो.

मग ते माह्याकडं वळले.

"देवराव! तू होता ना सोबत? कागद तूच टाइप केला ना?" आवाज असा का भिंतीपर्यंत जावा. "तू पेरणाऱ्या बाईचा पोरगा. मी शहरात वाढलो, मले नाही समजलं. तुले दिसलं नाही?"

हसणं थांबलं. साऱ्यायनं माह्याकडं पाह्यलं. त्यायच्या कोटाच्या वरच्या खिशात एक घडी केलेला कागद होता. तो माह्या पक्क्या नोकरीचा. तो बी मीच टाइप केला होता, सही बाकी होती. बोलता बोलता वामनरावजीनं दोन बोटं त्या खिशावर ठेवली. देवाजीले दिसलं नाही, मायले दिसलं नाही. मले दिसलं.

मी म्हणू शकत होतो का मी सांगितलं होतं, जिन्यात, तुम्ही दंड धरला होता. त्यायच्या बोटाचे पिवळे पडलेले डाग अजून दंडावर होते, बाही वर केली असती तर दिसले असते.

"नाही जी," मी म्हटलं. "मले नाही वळखू आलं."

माय माह्याकडं पाहून राहिली. चाडं तिच्या हातातच होतं.

"तुले?" ती म्हणाली. "तुले नाही वळखू आलं?"

"काळं झालं होतं ना. तेलानं."

"काळं," माय म्हणाली. "पेरणीत पाटीत निजवून धुऱ्यावर ठेवत होती मी तुले. रडला का असल्याच चाड्यातले चार दाणे हातात देत होती खेळायले. तुले नाही वळखू आलं."

कोणी हसलं नाही. देवाजीनं घसा खाकरला, दुसरीकडं पाह्यलं. त्यायले बी समजलं होतं, साऱ्यायले समजलं होतं. फक्त बोलायचं नव्हतं कोणाले.

मायनं चाडं मखमलीवर ठेवलं, पालथं. मग वामनरावजीले म्हणाली, "मालक, पोरगं तुमच्या कामाचं झालं. ठेवून घ्या त्याले."

"बस, जेवून जा," वामनरावजी म्हणाले.

"तुमच्या घरी लई वर्षं जेवली मी. आज नाही जेवत."

मी फाटकापर्यंत मागं गेलो. "माय, ऐक ना. नोकरीचं होतं."

"मले काय सांगून राहिला? मी काही विचारलं तुले?" ती गाडीवर चढली. देवकीनं माह्याकडं पाह्यलं, मग बैलाकडं पाह्यलं. गाडी गेली.

संध्याकाळी वामनरावजीनं सही करून कागद माह्या हातात देला. "उद्यापासून पक्का," म्हणाले. मग खुर्चीवर मागं रेलून म्हणाले, "नवीन कार्ड टाइप कर. घे. 'चाडे. वऱ्हाड-नागपूरकडील पेरणीचे साधन. हे रत्नागिरी येथे जहाजाचे म्हणून ठेवले होते. श्री. वामनराव यांनी ते ओळखले आणि आपली कट्यार देऊन मायदेशी परत आणले.' झालं? वाच."

मी वाचून दाखवलं.

"'ओळखले'च्या आधी 'पाहताक्षणी' टाक."

मी नवीन कार्ड लावलं आन टाकलं. एकाच दमात निघालं, एक चूक नाही.