उलट्या बुटांची पोर

पार्सल फोडलं, पुस्तक चाळलं आणि एका चित्रापाशी ती थांबली. याही चित्रात पोरीचे बूट उलटे होते. डाव्या पायातला उजव्यात, उजव्यातला डाव्यात.

लोकांची पुस्तकं घरी येणं ही काही नवलाई नव्हती. तिच्या नवऱ्याने एक खेळ लिहिला होता. टेबलाभोवती चार टाळकी जमवायची, एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं होऊन बोलायचं आणि घोडं अडलं की फासे टाकायचे. गोष्ट घडायची एका बंद पडलेल्या हॉटेलात. खेळाचा परवाना खुला होता. ज्याला हवं त्याने त्यातले नियम घ्यावेत, पात्रं घ्यावीत, त्यावर स्वतःचं पुस्तक रचून खुशाल विकावं. विचारायलाही यायला नको. फक्त करड्या चौकटीत जे छापलंय ते आमचं, त्याला हात लावायचा नाही.

त्या चौकटी तिनेच आखल्या होत्या. पानं लावायचं काम तिचं. नवरा पेन्सिलीने खुणा करायचा आणि ती त्याबरहुकूम चौकट टाकायची. हॉटेलाचं नाव चौकटीत, मालक चौकटीत, त्याचं एका डोळ्याचं खडूस मांजरसुद्धा चौकटीत. जिन्यावरची पोर तेवढी बाहेर राहिली होती.

आणि ती पोर म्हणजे त्यांची ठकी होती. ताप आला, दवाखान्यात नेली आणि परत आलीच नाही. पुढच्या वर्षी नवऱ्याने तिला खेळात आणून चौथ्या मजल्यावरच्या पायरीवर बसवलं. 'येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलते, कुणाला त्रास देत नाही,' एवढंच लिहिलं. बुटांबद्दल अक्षर नाही. लिहिणार कुठून? दवाखान्यात न्यायच्या वेळी तो खाली गाडी काढायला गेला होता. निघायच्या घाईत पोरीच्या पायात उलटे बूट तिनेच चढवले होते. "थांब, गाडीत नीट करून देते," म्हणाली होती, आणि ते राहूनच गेलं.

हे तिसरं पुस्तक. तिन्हींचे लेखक तीन गावचे, एकमेकांच्या ओळखीचेही नाहीत, आणि तिघांकडे तेच बूट. शिवाय दर पुस्तकात पोर एकेक मजला खाली उतरलेली. आधी तिसऱ्यावर, मग दुसऱ्यावर, यात पहिल्यावर. आता त्याच्याखाली काय, दारच.

"नव्या आवृत्तीत तिला चौकटीत घालते," ती नवऱ्याला म्हणाली. "तुझी खूण करायची राहिली होती."

"राहिली नव्हती." तो मान खाली घालून फासे पुसत होता. "चौकटीत घातली असती तर आपल्या दोघांपुरतीच उरली असती. आपल्यामागे तिला हाक कोण मारणार?"

"हाका मारमारून लोकांनी तिला दारापर्यंत आणलंय! उद्या बाहेर पडेल. मग माझ्याकडे काय राहील?"

"आता चौकट घालून उपयोग नाही गं. एकदा खुलं केलेलं परत मागता येत नाही. परवान्यात मीच लिहिलंय."

स्वतःच्याच हाताने स्वतःची वाट बंद करावी ती अशी. तिचा संताप संताप झाला. तिने थेट तिसऱ्या पुस्तकाच्या लेखिकेला फोन लावला. ही पेशाने दातांची डॉक्टरीण. लोकांचे दात काढून उरलेल्या वेळात भुतं लिहायची.

"उलटे बूट कुठून आणलेत तुम्ही?"

"आणले नाहीत हो. खेळता खेळता ती तशीच आली. मी सूत्रधार होते, तोंडातून निघून गेलं."

"ती माझी मुलगी आहे," ती म्हणाली. परक्या माणसाला हे तिने पहिल्यांदाच सांगितलं.

डॉक्टरीण म्हणाली, "पुढच्या भागात ती दारातून बाहेर जाते. नियमाने तुम्ही मला अडवू शकत नाही. पण आई म्हणून नको म्हणालात तर काढून टाकते. फक्त त्याआधी एकदा येऊन खेळा."

सुट्टीच्या दिवशी डॉक्टरणीच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं होतं. लवंगेच्या तेलाचा वास येत होता. नेहमीच्या खेळाडूंनी सरकून तिला जागा दिली. ओठांवर 'नको' घेऊनच ती बसली.

"पोर सगळ्यात खालच्या पायरीवर आहे," डॉक्टरीण सांगू लागली. "दार समोरच आहे. पण ती उठत नाही."

"का गं, बाहेर नाही जायचं?" एका खेळाडूने पोरीला विचारलं.

डॉक्टरीण अगदी सहज, आवाजसुद्धा न बदलता म्हणाली, "आई म्हणालीये थांब. बूट नीट करून देते म्हणालीये."

हे तिने फोनवर डॉक्टरणीला सांगितलं नव्हतं. कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, पोर आपल्या मायेने त्या जिन्यावर राहिली आहे. माया कसली! पोर बिचारी सांगितल्याप्रमाणे थांबली होती.

"तुमची पाळी," शेजारचा हळूच म्हणाला.

"मी पायरीपाशी खाली बसते," ती म्हणाली. या खेळात आपण काय करतो ते असं बोलूनच सांगायचं असतं. "डावा पाय पुढे कर, बाळा. आता उजवा. बंद घट्ट नाही ना झाले?"

"नाही," डॉक्टरीण म्हणाली.

"मग जा आता. दार मी उघडते."

फासे टाका असं कुणीही म्हणालं नाही. ती मात्र तिथेच, अनोळखी माणसांत, पदर-रुमाल काही न शोधता ढसाढसा रडली.

नव्या आवृत्तीत पोरीभोवती चौकट पडली नाही. डॉक्टरणीचं पुढचं पुस्तक अजून छापायलाही गेलं नव्हतं, तेव्हा आणखी एका भलत्याच गावाहून पार्सल आलं. ते नवऱ्याने फोडलं.

"अगं, हे बघ. हिला याने पार हॉटेलाबाहेर काढलंय. रस्त्याने पळत सुटलीये."

तिने चष्मा लावला आणि चित्रावर वाकून आधी पाय पाहिले. बूट सरळ होते.