मनात आलं म्हणून

दुभाषीबाईंना चौकशी कचेरीत पाठीमागे सगळे डिक्शनरीबाई म्हणत, आणि हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. राग येणं दूरच, उलट मान जराशी ताठ व्हायची. व्हायचीच की! एकतीस वर्षं कामगारांचं मराठी साहेबलोकांच्या इंग्रजीत उतरवून द्यायचं म्हणजे काय पोरखेळ आहे? नव्या दुभाष्यांना त्या दम भरत, "माणसानं एखादी गोष्ट का केली, याला इंग्रजीत ढीगभर शब्द आहेत. पण हाताला लागेल तो चिकटवलात, तर समोरचा आयुष्यातून उठेल. मोटिव्ह म्हटलं की पोटात काहीतरी काळंबेरं आहे असा वास येतो. इन्सेन्टिव्ह म्हणजे बाहेरून कुणीतरी दाखवलेलं गाजर. रीझनमध्ये डोकं पुढे, हात मागे. आणि इम्पल्समध्ये हात पुढे, डोकं घरी!"

आणि एवढं पढवणाऱ्या बाईंनीच घोळ घातला.

प्रकरण तसं साधं होतं. कोल्ड स्टोरेजमधल्या एका ऑपरेटरनं रविवारी भर दुपारी माल गार ठेवणारा अमोनिया गॅसचा मोठा कॉम्प्रेसर कुणाला न विचारता बंद केला. सुपरवायझरनं त्याला तिथल्या तिथे घरी पाठवलं. सुट्टीच्या दिवशी मेकॅनिक सापडेपर्यंत सहा तास गेले आणि तेवढ्यात वाटाण्याचा सगळा माल पाणी सुटून वाया गेला. ऑपरेटर बावीस वर्षांचा जुना, पण असा मुखदुर्बळ की विचारू नका. चौकशी समितीनं विचारलं, "का बंद केलास?" तो म्हणाला, "मनात आलं, बंद केला." संपलं. बाईंनी क्षणभरही न अडखळता लिहिलं, इम्पल्स. वर त्याला वाचून दाखवलं, त्यानं मान डोलावली, दोघांच्या सह्या झाल्या. त्या एका शब्दावर समितीनं त्याला काढायचं जवळपास ठरवलंच होतं. डोकं घरी ठेवून येणारा माणूस अमोनियापाशी कोण ठेवील?

जबाबानंतर पाचव्या दिवशी सकाळी बाई बाहेरच्या खोलीत केस विंचरत होत्या. नवरा पेपर वाचत होता. तो एकाएकी उठला, स्वयंपाकघरात गेला आणि दुधाखालचा गॅस बंद करून आला. आणखी दोन पळं, की सगळं दूध ओट्यावर आलं असतं.

"तुम्हाला कसं हो कळलं?" बाईंनी विचारलं.

"कुठे काय? मनात आलं, उठलो."

"असं कसं मनात आलं?"

नवऱ्यानं डोकं खाजवलं. "आवाज थांबला ना. दूध वर चढायला लागलं की तळाचा आवाज बसतो. चाळीस वर्षं ऐकतोय, त्यात विचार कसला करायचा?"

बाईंच्या हातातला कंगवा तसाच राहिला. "मेले मी," त्या म्हणाल्या आणि चहा न घेताच निघाल्या.

त्या दिवशी निकाल वाचायचा होता. लांबट टेबलामागे अध्यक्ष आणि दोन सभासद, समोरच्या खुर्चीत ऑपरेटर, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. बाईंनी उभं राहून सांगितलं की माझ्या भाषांतरात चूक आहे, जबाब दुरुस्त करायचाय.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "त्याची सही झाल्यावर? त्यानं तुम्हाला गाठलं होतं का? काही द्यायचं कबूल केलंय?"

"साहेब, माझी चूक झाली. याहून दुसरं कारण माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या. कान तापले होते त्यांचे. एकतीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.

"काय फरक पडणार आहे?" अध्यक्ष वैतागले. "मेकॅनिकनं प्रेशर बघितलं, तापमान बघितलं, सगळं ठीक. तोच कॉम्प्रेसर त्याच संध्याकाळपासून बारा दिवस बिनतक्रार चालतोय. बंद करायला कारण असेलच कुठून? सांगा त्याला हे."

बाईंनी सांगितलं. शब्दन् शब्द.

ऑपरेटर खुर्चीतून उठला. "चालू आहे? न उघडता?"

नियम साफ होता. दुभाष्यानं फक्त इकडचं तिकडे करायचं. स्वतःचा प्रश्न विचारला, की दुभाष्यांच्या पॅनेलवरून नाव गेलं. बाईंना तो पाठ होता, त्यांनीच तो दहा जणांना शिकवला होता. त्यांनी कागद खाली ठेवला.

"त्या दिवशी तुमच्या मनात काय आलं होतं? वास आला का गॅसचा?"

"वास कसला? वास येईपर्यंत थांबायचं असतं होय?" ऑपरेटर पहिल्यांदाच भडाभडा बोलायला लागला. "ठोका बदलला होता बाई. पूर्ण लोड आला की आतून एक जास्तीचा ठोका. पिस्टनचा दांडा ढिला झालाय नाहीतर चिरलाय. प्रेशरच्या घड्याळात ते दिसत नाही. दांडा तुटला की कवच फोडून बाहेर येतो, आणि मग खोलीभर अमोनिया. माझ्या आधीचा ऑपरेटर त्यातच गेला."

"मग हे सांगितलं का नाहीत?" बाईंचा आवाज चिरकला.

"अहो, जुन्या माणसानं मशीन बंद केलं, तर आधी ते उघडतात! आमच्यात तसंच आहे. मला वाटलं, उघडलं असेल, दिसलं असेल, आता फक्त वाटाण्यासाठी बोलणी खायची. 'का केलंस' विचारलं, मी सांगितलं मनात आलं. मनात काय आलं, ते कुणी विचारलं?" मग तो बाईंना सोडून सरळ अध्यक्षांकडे वळला. "विचारा स्टोरेजमध्ये, आत्ता मशीनपाशी कोण आहे? तीन जण रोज तिथेच डबा खातात!"

बाईंनी सगळं एका दमात इंग्रजीत सांगितलं. शब्द निवडायला त्या थांबल्याच नाहीत. अध्यक्षांनी चष्मा घातला, पुन्हा काढला, आणि फोन उचलला.

कॉम्प्रेसर बंद व्हायला चार मिनिटं लागली. तोवर अध्यक्षांनी फोन कानाचा काढला नाही.

दुपारी मेकॅनिकचा फोन आला. दांड्याला चीर होती, अर्ध्याच्याही पुढे गेलेली. सोमवारपासून ऑपरेटरला कामावर घेतलं. बाईंचं नाव पॅनेलवरून गेलं, कारण नियम तो नियम.

जाताना जिन्यात ऑपरेटरनं त्यांना हात जोडले. "तुमच्यामुळे वाचलो बाई."

बाईंना त्याच्याकडे बघवेना. तीन माणसं त्या मशीनशेजारी रोज डबा उघडून जेवत होती, बारा दिवस. त्यातले पाच दिवस बाईंच्या एका शब्दाचे होते.