शकूरभाईंचा आवाज आणि मी

मित्रांनो, मला स्वतःचा आवाज नाही. मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. कुणी माझ्या कानाशी कुजबुजावं आणि मी ते शिवारभर न्यावं, एवढंच माझं काम. बीबी गावात, शकूरभाईंच्या मंडप-डेकोरेशनच्या पत्र्याच्या खोलीत, सतरंज्यांच्या गठ्ठ्याशेजारी माझा मुक्काम असतो.

माझा जन्म खामगावचा. एका रेडिओ मेकॅनिकनं मला टेबलावर घेऊन एकेक तार जोडत घडवलं. शेजारीच कापसातली सरकी काढणारी जिनिंग होती. कापसाचे तंतू हवेत तरंगत यायचे आणि माझ्या जाळीवर अलगद बसायचे. पहिल्यांदा माझा लाल दिवा लागला, तेव्हा मला वाटलं, जग म्हणजे असंच पांढरं, हलकं, उडतं काहीतरी असावं.

तरुण शकूरभाईंनी मला एसटीत मांडीवर घेऊन गावी आणलं. त्या दिवसापासून त्यांचा आवाज आणि मी, अशी जोडी जमली. लग्नाची पंगत बसली, माझ्यातून हाक गेली. जयंतीची मिरवणूक निघाली, उरूस भरला, कुणाची म्हैस दावं तोडून पळाली, की माझ्यातूनच हाक गेली. "शकूरभाईचा आवाज म्हंजे गुळाचा खडा," असं लोक म्हणत. मी तो गूळ घरोघर वाटायचो.

मग कपाशीचं नवं बियाणं आलं, बीटी. एका बियाणेवाल्याचा टेम्पो गावोगाव फिरणार होता आणि त्याला या भागातला ओळखीचा आवाज हवा होता. शकूरभाईंनी मला टेम्पोत बॅटरीवर जोडलं आणि स्वतः रचून म्हटलं:

"हे बियानं पेरा भाऊ, अळीले म्हना राम राम,
बोंडं फुटतीन ढीगभर, फवारनीचं नाई काम!"

बारा गावं हसली आणि बारा गावांनी पेरलं. पहिली काही वर्षं ते खरंही ठरलं. चांदण्या जमिनीवर उतराव्यात तशी वावरं फुटत. पण वर्षं सरली आणि अळी शिकली. तांदळाएवढी गुलाबी अळी बोंडाच्या आत शिरून बसू लागली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत काळपट, सडका कापूस. एका साली तर सगळा पट्टाच गेला. पेरताना उमेदीनं गाणाऱ्या बाया वेचणीला मुक्यानं जाऊ लागल्या.

त्याच दिवसांत एसटी स्टँडवर, पीक गेलेल्या गावच्याच कडूबानं भर लोकांत हाक मारली, "शकूरभाई! अळी आली ना घरी! तुमालेच राम राम म्हनून राह्यली!"

सगळे हसले. शकूरभाईही हसले. घरी आले आणि त्यांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. त्यानंतर ते कधी माईकपुढे उभे राहिले नाहीत. कुणी बोलवायला आलं की म्हणत, "मशीन बिघडली, भाऊ."

गाण्यांपुरता मी भाड्यानं जात राहिलो. एका लग्नात माझा फ्यूज उडाला. घाईत कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार पिळून घातली. पुन्हा झटका बसला तेव्हा तार शाबूत राहिली आणि मी जळालो. शकूरभाईंनी मला सतरंजीखाली सरकवलं. वाईट वाटून घ्यावं, तसे ते सुस्कारले. पण मला त्यात सुटल्याचा श्वास ऐकू आला.

त्या अंधारात मी झोपलो होतो की जागा, कोण जाणे. जुन्या हाका माझ्यात तरंगत. "ऐका हो ऐका..." एवढंच यायचं आणि विरून जायचं.

डिसेंबरातल्या एका दुपारी जनकाबाई आली. तीन एकरांतल्या कपाशीची ती मालकीण. सोबत तिची लेक समता. गावातले टीव्ही, मिक्सर, पंखे हीच दुरुस्त करते.

"शकूरभाऊ, हा महिना सरायच्या आत सगळ्यायनं कपाशीची उभी पऱ्हाटी उपटा लागते," जनकाबाई म्हणाली. "लोकं पानी देऊन तेच पीक पुढं राखून राह्यले. त्या फरदडीतच अळी राहते अन् पुढच्या साली नव्या कपाशीत उतरते. म्या एकटीनं उपटून काय होते? शेजारच्या वावरातून येतेच ते. पुढचंबी साल गेलं, तं वावर पडीक टाकून आमाले पुन्याले जा लागते कामाले."

"ग्रामपंचायतीनं कागद लावला ना, बाई."

"कागदाले कोन पुसते? ते बियानं तुमच्या सांगन्यानं पेरलं. हेबी तुमीच सांगा."

"मशीन खराब आहे."

"म्हनून तं पोरीले आनलं!"

समतानं माझं झाकण काढलं. ब्रशनं धूळ झाडली, तर कोपऱ्यातून खामगावचे कापूसतंतू निघाले. फ्यूजच्या जागची तार पाहून तिनं कपाळावर हात मारला. मग मला थेट वीज न देता मध्ये शंभर वॅटचा बल्ब जोडला. बल्ब लख्ख पेटला.

"हा असा पेटला म्हंजे आत कुठंतरी शॉर्ट आहे," ती म्हणाली. माझ्या दोन जाड ट्रान्झिस्टरपैकी एक मेला होता. तिनं दुसरा बसवला. आता बल्ब क्षणभर उजळला आणि झोप लागावी तसा मंद झाला. कितीतरी दिवसांनी माझ्यातून वीज शांतपणे वाहिली. मी घूं करून कण्हलो. सुकलेला मोठा कंडेन्सर बदलला, तसं कण्हणंही थांबलं.

पण माईक मुकाच होता. मग समता उलट्या वाटेनं निघाली, भोंग्याकडून माईककडे. एकेका टप्प्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवी आणि कान देई. भोंगा "बुर्र" म्हणाला की पुढच्या टप्प्यावर जाई. मला कुणी आठवणींमधून मागं मागं नेत आहे, असं वाटत होतं. अगदी शेवटी, माईकच्या खाचेशी, ती थांबली. तिथं टोक टेकवलं, तर भोंगा गप्प.

तिनं बॅटरीचा उजेड पाडला. "चाचा, ही तार तुटली नाई. उंदरानंबी कुरतडली नाई. पकडीनं कापलेली आहे."

मला हे माहीत होतं, मित्रांनो. पण मला कोण विचारतं?

शकूरभाई आपल्या हातांकडे पाहत राहिले. चहा घेऊन आलेली त्यांची बायको नसीमा दारातच थबकली. "यायनंच कापली. तो कडूबा हसला ना, त्याच दिवशी. म्या पाह्यलं होतं."

समतानं तारेची कापलेली दोन्ही टोकं खरवडली, शिशाची तार त्यांना टेकवून धरली आणि तापलेली सोल्डरिंगची सळई शकूरभाईंपुढे केली. "एवढा टाका तुमीच मारा, चाचा."

"मले हे जमत नाई, बेटा."

"म्या धरते ना."

धुराची एक बारीक रेघ वर गेली. टाका बसला.

"लोकं हसतीन," शकूरभाई पुटपुटले.

"हसू द्या," जनकाबाई म्हणाली. "हसनारा ऐकते तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा पत्र्यावर चढला. शकूरभाईंनी माईकवर फुंकर मारली आणि ती गावभर गेली. या खेपेला गाणं नव्हतं.

"मी शकूर बोलून राह्यलो. या बियान्याले अळी येत नाई, हे म्याच सांगतलं होतं. मले काहीबी माहीत नव्हतं, तरी सांगतलं. चूक झाली माझी. आता हात जोडून सांगतो, फरदड ठेवू नका. महिना सरायच्या आत पऱ्हाटी उपटा."

चौकातल्या टपरीवरून कडूबा ओरडला, "शकूरभाई, ऐकू नाई आलं! पुन्हा सांगा!"

मी पूर्ण जोरात होतो. नाल्यापलीकडच्या वावरातही माणसं थांबून ऐकत होती. शकूरभाईंनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. "चूक झाली माझी" हे शब्दसुद्धा वगळले नाहीत.

कडूबा हसला नाही. उठून घरी गेला आणि खांद्यावर पऱ्हाटी उपटायचा चिमटा टाकून वावराच्या वाटेला लागला. जनकाबाई तर आधीच निघाली होती. तिच्यामागं आणखी चार-पाच जण दिसले. सगळं गाव नाही निघालं. पण शकूरभाई संध्याकाळीही माईकपुढे आले, आणि दुसऱ्या दिवशीही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी जुनं पडलं असेल, तर त्याची धूळ झाडा, त्याला अधूनमधून वीज दाखवा. आम्ही दमतो, पण लवकर मरत नाही. आणि माईक हाती घ्याल, तेव्हा थोडं थांबा. आत जे येईल ते मी मोठं करतो, खरं असो की खोटं. ते चाळून घ्यायची चाळणी माझ्यात नाही. ती तेवढी तुम्ही आपल्याजवळ ठेवा.