शेपटीला कोण मांस म्हणतं?

आमच्या बेटावरच्या पोर्टलँडच्या डोंगरात शनिवार म्हणजे सूप. लाल राजमा, नारळाचं दूध, यामचा कंद, पिठाचे गोळे आणि वर तरंगणारी एक अख्खी मिरची. ती फुटू द्यायची नाही, नाहीतर जेवणाऱ्याचे कान पेटतात. हे सूप माझ्यासारखं कुणाला जमत नाही. हे मी नाही, लोक म्हणतात. लोकांनी म्हटलं नसतं तर मी म्हटलं असतं.

या डोंगरावर एकच माणूस असा होता, ज्याने बारा वर्षांत माझ्या हातचा घास खाल्ला नव्हता. तो माझा मुलगा होता.

त्याचं नाव लिनव्हल. लोक त्याला रास टेसफा म्हणतात, मी लिनव्हलच म्हणते. नऊ महिने मी वाहिलाय त्याला, लोकांनी नाही. चोविसाव्या वर्षी तो रास्ताफारी पंथात गेला, जटा वाढवल्या. आधी डुक्कर गेलं, ते मी समजू शकले. मग कोंबडी, मासे, अंडी, दूध. शेवटी मीठही गेलं. "अरे, चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर जन्मलास आणि मीठ सोडतोस?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "ममा, मातीतून येतं ते जिवंत खाणं. मी आणि मी तेवढंच खाणार." तो नुसता 'मी' कधी म्हणत नाही, 'मी आणि मी' म्हणतो, म्हणजे तो आणि त्याचा देव, जाह. त्या दोघांपुढे मी एकटी कुठवर भांडणार?

माझं मत विचाराल तर ज्याने त्याने आपल्या पोटाचं बघावं. पण पोर तापाने फणफणलेलं असताना आईला मत वगैरे सुचत नाही. बारा वर्षांपूर्वी त्याला डेंग्यू झाला, गालांची हाडं वर आली. मी कोंबडीचे पाय चार तास उकळले, कढण गाळून घेतलं, त्यात भोपळा घोटला आणि त्याला भरवलं. त्याने विचारलं, "ममा, यात काही नाही ना?" मी बायबलवर हात ठेवून सांगितलं, भोपळ्याशिवाय काही नाही. तिसऱ्या दिवशी वाडग्याच्या तळाशी त्याला कोंबडीचं एक नख सापडलं. माझी गाळणी जुनी होती.

तो भांडला नाही. चटई गुंडाळली आणि वरच्या अंगाला स्वतःची झोपडी बांधून राहिला. दर शनिवारी मात्र यायचा. माझ्यासाठी याम आणायचा, कधी अळूचे कांदे आणायचा, व्हरांड्यात बसायचा. तहान लागली की माझ्याच अंगणातला नारळ उतरवून, स्वतःच्या कोयत्याने फोडून पाणी प्यायचा. माझ्या घरातलं पेलाभर पाणीसुद्धा नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

हे सगळं बदलायला निघाली माझी नात केयॉन. माझ्या मुलीची मुलगी, किंग्स्टनला शिकते. मार्च महिन्यात तिने फोनवर कसलेसे व्हिडिओ बघितले आणि व्हीगन झाली. सुट्टीला आली ती पिशवीभर पाकिटं घेऊनच.

"ग्रॅनी, मी अंकल लिनव्हलशी बोलले," ती म्हणाली. "शनिवारी ते इथे जेवणार. मी त्यांना शब्द दिलाय की स्वयंपाकावर माझं लक्ष असेल."

"माझ्या स्वयंपाकावर तुझं लक्ष? तुला अजून पिठाचा गोळा वळता येत नाही."

"मग नको म्हणून सांगू त्यांना?"

"गप्प बस. सांग त्याला, एक वाजता ये."

मी तयारीत कसर ठेवली नाही. पोर्ट अँटोनियोहून कोरं पातेलं आणलं, कारण मांस शिजलेल्या भांड्यातलं तो खात नाही. मिठाची बरणी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. सुपाचं पाकीट, लोणी, काही म्हणजे काही जवळ ठेवलं नाही. पातीचा कांदा, थाईम, लसूण, मिरची सगळं परसातलं. म्हटलं, झेल्फा, आज तुझ्या हाताची परीक्षा आहे, आणि तुझा हात कधी नापास झालेला नाही.

शनिवारी सकाळी राजमा चुलीवर चढवत होते तर कुंपणावर कोपरं टेकून एगबर्ट हजर. हा माझा शेजारी, आठ डुकरं पाळतो आणि दुनियेतल्या प्रत्येक विषयावर बोलतो.

"मिस झेल्फा, ऐकलं ते खरं का? आज तुमच्याकडे गवत शिजणार?"

"तुझ्या तोंडात घालायला नाही शिजत."

"मी म्हणतो, पुरुषमाणसाने मांस खाल्लं नाही तर कंबर धरते. मी सत्तरीचा आहे, बघा माझ्याकडे."

"बघतेच आहे चाळीस वर्षं. तुझ्या बायकोने बघून बघून चर्चमध्ये जीव रमवला."

अशी आमची जुगलबंदी अर्धा तास चालली. माझं तोंड एगबर्टकडे आणि हात आपलं काम करत होते. पंचेचाळीस वर्षांत या हातांना कधी सांगावं लागलेलं नाही.

साडेबाराच्या सुमारास केयॉनने येऊन वरवरचं वाडगंभर सूप घेतलं. एक चमचा तोंडात गेला आणि तिचे डोळे मिटले.

"ग्रॅनी! मीठ नाही, मांस नाही, आणि ही चव? माझ्या मैत्रिणींना आणून चाखवायला हवं. लोक उगाच म्हणतात, मांसाशिवाय चव येत नाही!" तिने वाडगं चाटूनपुसून साफ केलं आणि टेबल मांडायला पळाली.

मी हसले. स्तुती कुणाला नको असते? मग हसता हसता माझ्याच मनात आलं, खरंच, ही चव आली कुठून? मी चमचाभर तोंडात घातलं. खारट. नीट, बेताचं खारट. मी पळी तळापर्यंत घातली आणि वर काढली, तर पळीत डुकराच्या शेपटीचे तीन तुकडे.

शुक्रवारी संध्याकाळी मी दोन वाडगी भिजत घालते. एकात राजमा, दुसऱ्यात खारवलेली शेपटी, जरा मीठ उतरायला. या शुक्रवारीही घातली होती आणि सकाळी एगबर्टला टोमणे मारता मारता दोन्ही वाडगी कोऱ्या पातेल्यात उपडी केली होती. मीठ लपवलं, लोणी लपवलं, पण शेपटी माझ्या डोक्यातच आली नाही. कशी येईल? आमच्याकडे शेपटीला मांस म्हणतं कोण? कुठल्याही खानावळीत जा, 'बिनमांसाचं काय आहे?' विचारा, तर समोर राजम्याचं सूप ठेवतील आणि त्यात शेपटी असेल. ती चवीला असते. मांस म्हणजे जे ताटात मधोमध बसतं ते.

पण लिनव्हलसाठी डुक्कर म्हणजे सगळ्यात घाण. कोंबडीच्या नखावर ज्याने बारा वर्षं काढली, तो शेपटीवर किती काढील? माझं वय एकोणसत्तर. हिशेब सरळ होता.

एगबर्टने पुन्हा कुंपणाशी येऊन वास घेतला, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पळीकडे. मग फाटक उघडून सरळ आत आला.

"नवा राजमा टाकू का?" मी म्हटलं.

"शिजायला दोन तास लागतील. पोरगं वळणावर आलंय, मला सायकल दिसतेय." त्याने आवाज खाली आणला. "मिस झेल्फा, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुकडे काढा बाहेर. त्याने बारा वर्षांत शेपटी चाखली नाही, त्याला काय कळणार? चव म्हणजे थाईमची म्हणा."

"आणि तुकडे टाकू कुठे?"

"टाकायचे कशाला?" असं म्हणून त्याने एकेक तुकडा तोंडात टाकला आणि हाडं खिशात घातली. पुरावा संपला. मी पातेलं तळापर्यंत ढवळून बघितलं, काही उरलं नव्हतं. लाज वाटली का विचाराल तर नाही, त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं.

लिनव्हल आला. सायकलच्या मागे यामची मोळी आणि विलायती फणसासारखे दोन ब्रेडफ्रूट बांधलेले, हातात स्वतःचा तुंब्याचा वाडगा आणि लाकडी चमचा. तो व्हरांड्यात नाही, टेबलापाशी बसला. केयॉनने लगेच आपलं ज्ञान उघडलं.

"अंकल, तुम्ही मध खाता म्हणे. मग तुम्ही पूर्ण व्हीगन नाही. मध मधमाश्यांचा असतो."

"आणि तू त्या पाकिटातलं सॉसेज खातेस म्हणे. वाच बघू त्यात काय काय आहे."

तिने वाचलं. वाचता वाचता सतराव्या नावावर अडखळली.

"हे कुठल्या झाडाला लागतं?" लिनव्हलने विचारलं.

"पण कुणी मेलं तर नाही ना त्याच्यासाठी!"

"मी आणि मी प्राण्यांची दया येते म्हणून सोडलं नाही गं पोरी. माझं शरीर देऊळ आहे, त्यात मढं नको म्हणून सोडलं. तू दयेने सोडलंस, चांगलं आहे. पण देवळात प्लास्टिकही नको."

"मी तर दोन्ही खातो," एगबर्ट म्हणाला, "आणि माझं देऊळ ठणठणीत आहे." बोलताना त्याचा हात खिशावर होता.

केयॉनने तुंबा भरून आणला. लिनव्हलने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. मी समोर उभी होते, उत्तर घोकत. तो विचारणार, 'ममा, यात काही नाही ना?' मी म्हणणार, 'नाही रे.' या वेळी बायबल लागणार नव्हतं, नुसतं 'नाही रे' पुरलं असतं.

त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसला आणि चमचा भरला. त्याने विचारलंच नाही.

विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते, ठासून. मी स्वतःला ओळखते. पण विचारलंच नाही, तेव्हा माझ्याजवळ बोलायला खोटं उरलं नाही. तो मला बारा वर्षांचं सगळं एका चमच्यात परत देत होता, आणि मी ते चोरून घेणार होते.

"लिनव्हल, ठेव तो चमचा," मी म्हणाले. आवाज माझा नेहमीचाच, मोठा. "शेपटी पडली त्यात. डुकराची. मुद्दाम नाही, हात गेला सवयीने. तुकडे काढले ते तुझ्यापासून लपवायला. ते मात्र मुद्दाम."

केयॉन तोंडावर हात ठेवून परसात पळाली. एगबर्ट छताकडे बघायला लागला. लिनव्हलने चमचा वाडग्यात ठेवला, वाडगा टेबलावर ठेवला, उठला आणि फाटकाबाहेर गेला.

मी हाक मारली नाही. खरं बोलून झालं होतं. त्याच्या जोडीला रडारड केली तर ती लाच झाली असती. मी टेबल पुसायला घेतलं.

सायकल हलल्याचा आवाज आला, आणि मग पावलांचा. तो परत आला तो एका काखेत ब्रेडफ्रूट, दुसऱ्या काखेत याम घेऊन.

"तुझ्या घरात डुक्कर न लागलेलं एखादं भांडं आहे?"

"सकाळपर्यंत होतं," मी म्हणाले. "आता नाही."

"मग भांडं नकोच." त्याने अंगणात तीन दगड मांडले, नारळाच्या करवंट्या पेटवल्या आणि ब्रेडफ्रूट अख्खे निखाऱ्यांवर ठेवले. फळ काळं होईपर्यंत तो उकिडवा बसून फिरवत राहिला. मी शेजारी बसले.

"त्या वेळी कोंबडीचं मला काही नव्हतं," लिनव्हल निखाऱ्यांकडे बघत म्हणाला. "तू घाबरली होतीस, मला दिसत होतं. पण तू पुस्तकावर हात ठेवलास. मग मला कळेना, तू आजवर सांगितलेलं आणखी काय काय खोटं आहे. 'तू माझा लाडका' म्हणायचीस, तेसुद्धा."

"ते खरं होतं," मी म्हणाले.

"आता कळलं."

त्याने कोयत्याने काळी साल उतरवली, आतला पांढरा, वाफाळता गर कापला आणि पहिला तुकडा केळीच्या पानावर माझ्यापुढे ठेवला. केयॉन तोंड धुऊन आली होती, डोळे लाल, पण तीही बसली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाल्लं.

"कसं आहे?" लिनव्हलने विचारलं.

एगबर्टने मला डोळ्यांनी खुणावलं, चांगलं म्हणा, चांगलं म्हणा.

"बेचव," मी म्हणाले. "मीठ हवं याला. आणि लोणी."

लिनव्हल हसला. असा हसला की जटा निखाऱ्यात जातील म्हणून केयॉनने त्या मागे ओढल्या. हसू ओसरल्यावर त्याने हाताच्या पाठीने डोळे पुसले.

"पुढच्या शनिवारी तू रांध, ममा," तो म्हणाला. "या वेळी विचारलं नाही, तेव्हाही विचारणार नाही."

मी मान खाली घातली.

"धूर गेला का डोळ्यात, मिस झेल्फा?" एगबर्टने विचारलं. त्याने बिचाऱ्याने माझी सोय केली होती.

"नाही," मी म्हणाले. "रडतेय मी."