जीपचं पाणी

कुसाबाईंना एक खोड होती. एखादी गोष्ट कळली नाही की त्यांना घास गोड लागत नसे. घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दोनदा खोललं होतं, आणि दुसऱ्या वेळी ते चालूही झालं होतं. सत्त्याण्णव सालच्या नवरात्रात त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: जीपचं पाणी जातं कुठं?

जीप घरचीच. मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू, शेवंती आणि कुसाबाईंनी केलेल्या माळा रोज सकाळी वणीच्या गडावर पोचवायची. ती चालवायला आठ वर्षांपासून बुधा होता. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा जीप नांदुरीच्या घाटात तापली, बॉनेटखालून वाफ उसळली आणि माळा आरती होऊन गेल्यावर पोचल्या. कुसाबाईंचे यजमान सावळीराम फुलांच्या बाबतीत फार हळवे होते. माणसांच्या बाबतीत तेवढे नव्हते.

"तू पाणीच भरत नाय," ते बुधाला म्हणाले. "उद्या गाडी परत तापली, तर परवापासून शेजारच्या रंगनाथचा भाचा चालवंल. त्याला सांगून ठेवलंय मी."

 बुधानं पाणी भरलं होतं, हे कुसाबाईंना पक्कं ठाऊक होतं, कारण पाण्याचा कॅन त्याच रोज भरून देत. विहिरीच्या खारट पाण्यानं रेडिएटर गंजतो, असं बुधानं एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून पडवीतल्या पिंपातलं नळाचं पाणी त्या न चुकता द्यायच्या. गळती म्हणावी, तर जीपखालची जमीन कोरडी ठणठणीत. झाकण म्हणावं, तर पहिल्यांदा गाडी तापली तेव्हाच बुधानं नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या दुकानातून नवं आणून बसवलं होतं. त्यावर दोन दिवस जीप गुमान गड चढली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फुरफुरली. मेकॅनिकनं तर इंजिन खोलायची भाषा सुरू केली होती.

दुसऱ्या दिवशी कुसाबाई पदर खोचून पुढच्या सीटवर बसायला निघाल्या. बसण्याआधी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं.

"झाकणाजवळनं ही बारकी नळी खाली कशाला सोडलीय?"

"आत पाण्याचा जोर लय वाढला तर झाकण उचलतं, आक्का. मग जादाचं पाणी तिथनं पडतं."

"आन् चालत्या गाडीत पडलं तर दिसंल कुणाला?"

 कुसाबाई घरात गेल्या, दुधाची रिकामी पिशवी आणि सुतळी घेऊन आल्या आणि ती पिशवी नळीच्या टोकाला सैलसर बांधली. पलीकडून सावळीराम बघत होते, पण नवरात्रात सकाळी सकाळी वाद नको म्हणून माळांच्या टोपल्या मोजू लागले.

वणीला पोचल्यावर चहाच्या टपरीशी बुधानं गाडी थांबवली. पिशवी टम्म भरली होती. आत चहाच्या रंगाचं कोमट पाणी. कुसाबाईंना सोनं सापडल्यावरही झाला नसता एवढा आनंद झाला.

"म्हणजे झाकण जोर धरत नाय. कुकरची रिंग बसली नाय की शिट्टी होत नाय, तसं."

"पण झाकण नवं हाय आक्का."

"उघड."

"आत्ता नको. तोंड भाजंल."

अर्धा तास थांबावं लागलं. बुधा सारखा घड्याळाकडे बघत होता. आज आरती चुकली तर उद्या आपण घरी, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. अखेर त्यानं गोणपाटाचा तुकडा धरून झाकण हळूच फिरवलं. रबर धड होतं, स्प्रिंग घट्ट होती. त्यानं रेडिएटरच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि नकारार्थी मान हलवली.

"सर बाजूला," म्हणत कुसाबाईंनी बोट घातलं. ज्या कडेवर झाकणाचं रबर टेकतं, तिथं काहीतरी केसासारखं लागलं. नखानं ओढल्यावर वीतभर ओला, तपकिरी धागा बाहेर आला.

तो कशाचा, हे त्यांना विचारावं लागलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी याच धाग्यात फुलं गुंफली होती. केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा धागा, मऊ व्हावा म्हणून पाण्यात भिजवलेला. एरवी त्या तो घमेल्यात भिजवत. यंदा माळा जास्त, घमेलं पुरेना, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी सरळ पडवीतल्या पिंपात टाकायला सुरुवात केली होती.

कुसाबाईंनी धागा मुठीत मिटला.  कड पुसली, टपरीवाल्याकडून पाणी घेतलं, पदरातून गाळून रेडिएटरमध्ये ओतलं. जीप घाट चढली, तापमानाचा काटा हलला नाही, आणि माळा आरतीच्या आधी पोचल्या.

घाट उतरताना बुधा म्हणाला, "आक्का, तो धागा द्या फेकून. झाकणच खराब निघालं, असं सांगू मालकांना."

कुसाबाईंना क्षणभर फार बरं वाटलं. मग ज्याची भाकरी आपल्यापायी जाणार होती, तोच आपल्याला वाचवतोय, याची त्यांना भयंकर लाज वाटली. त्यांनी धागा रुमालात बांधला.

घरी ओट्यावर रंगनाथचा भाचा चहा पीत बसला होता. कुसाबाईंनी धागा सावळीरामांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत चोळून पाहिला.

"सोपटाचा हाय. कुठं घावला?"

"झाकणाखाली. पिंपातला. बुधा रोज पाणी भरत होता, आन् मी रोज त्यात हे घालून देत होते. तुम्ही त्याला काढायला निघाले होते. आता मला काढता का?"

भाच्यानं कप हळूच खाली ठेवला.  सावळीराम उठून आत गेले, आपल्या जुन्या धोतराचा तुकडा फाडून आणला आणि खाली बसून स्वतःच कॅनच्या तोंडाला बांधू लागले. गाठ काही बसेना. शेवटी बुधा पुढे झाला आणि त्यानं ती बांधली.