सायमीच्या ओसरीवरचे तीन खोके

आभार मानायची वेळ आली की सायमीच्या घशात काटा अडकायचा. तशी तोंडाने काही कमी नव्हती हो! गावच्या शाळेत तीस वर्षं स्वयंपाकीण होती ती. दर गुरुवारी दोनशे पोरांना वाटाण्याचं सूप वाढताना जो आवाज लावायची, तो तळ्याच्या पलीकडे ऐकू जायचा. पण गोड शब्द म्हटला की बाईची बोबडी वळायची.

ऑक्टोबरात ती लाकडांच्या खोपटापाशी घसरून पडली आणि खुबा मोडून बसली. तेव्हापासून शेजारचा वोइत्तो आणि त्याची बायको राइली यांनी तिचं सगळं केलं. वोइत्तो रोज लाकडं आणून चुलीशेजारी रचायचा, पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा. राइली दुकानातून सामान आणायची, शनिवारी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवून तिला हाताला धरून आत न्यायची, बाहेर आणायची. आणि सायमी काय म्हणायची? "लाकडं ओली आहेत." "हे कसलं दूध आणलंस?" दहा आठवड्यांत आभाराचा एक शब्द नाही. ती दोघं गेली की तिची तिलाच लाज वाटायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आणि आता ती दोघं गाव सोडून चालली होती. दूर औलू शहरात, मुलीकडे, कायमची. सत्तावीस डिसेंबरला सकाळी निघायचं ठरलं होतं.

म्हणून सायमीने त्यांना आदल्या दिवशी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या तापानीच्या सणाला, दुपारी जेवायला बोलावलं. आपल्याला बोलता येत नाही ते सूप बोलेल, असा तिचा बेत होता. एकट्या बाईने फोनवरून सात किलोचं हॅम मागवलं तेव्हा दुकानातली पोरगी हसली होती. हसेना का! सायमीला मांसाशी देणंघेणं नव्हतं, हाड हवं होतं. नाताळच्या दिवशी तिने ते कांदा, मिरी आणि तमालपत्र घालून चार तास उकळलं. रस्सा गाळून दुधाच्या दोन रिकाम्या खोक्यांत भरला. हॅम भाजताना सुटलेली चरबी तिसऱ्या खोक्यात ओतली आणि तिन्ही खोके ओसरीवर ठेवून दिले. बाहेर उणे अठरा, फ्रिज हवा कशाला? उकळून झालेलं हाड पाखरांसाठी बर्चच्या फांदीला टांगलं, वाटाणे भिजत घातले आणि समाधानाने झोपली.

चरबीचं आमच्याकडे असं आहे की नाताळनंतर ती कोणी मोरीत ओतत नाही. ओतलीच तर शेजारी बोलणं टाकतील. दुधाच्या खोक्यात गोठवायची आणि दुकानामागच्या पेटीत नेऊन टाकायची. पुढे तिचं गाड्यांसाठी इंधन होतं.

सकाळी नऊला, उजाडता उजाडता, सायमीने काठी टेकत ओसरीचं दार उघडलं. पाहते तो काय, खोके गायब! एक नाही, दोन नाही, तिन्ही. पायऱ्या मात्र लख्ख झाडलेल्या होत्या.

"अरे वोइत्तो! मेल्या, काय करून ठेवलंस हे!"

काय झालं असणार ते तिला तिथल्या तिथे कळलं. बर्फ काढायला आला असेल, खोके दिसले असतील, म्हातारीचा हेलपाटा वाचवू म्हणून उचलून पेटीत टाकून आला असेल. नाताळनंतर ओसरीवर दुधाचा खोका म्हणजे चरबीच. आमच्या गावात दुसरं काही कोणाच्या डोक्यातसुद्धा येणार नाही. खोक्यांवर लिहायचा कंटाळा तिनेच केला होता. चार तासांचा रस्सा आता कुठल्या तरी ट्रकच्या पोटात जाणार होता.

आधी ती भडकली. मग तिच्या तोंडचं पाणी पळालं. वाटाणे टम्म फुगलेले, पाहुणे बारा वाजता यायचे आणि रस्साच नाही! बर्चवरचं हाड काढून आणावं, असंही एकदा मनात आलं. खिडकीतून पाहिलं तर सात-आठ चिमुकली पाखरं त्याला लोंबकळून न्याहारी करत होती.

"खा बाबांनो," ती म्हणाली. "तुम्ही तरी खा."

वोइत्तोला मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं. दहा आठवडे राबलेल्या माणसाच्या मनाला जाता जाता टोचणी लावायची? छे! सूप असं झालं पाहिजे की त्याला शंकासुद्धा येऊ नये.

तिने वाटाणे साध्या पाण्यात चढवले. तासाभराने चाखून पाहिले. पाणचट! शाळेतल्या पोरांनीसुद्धा तोंडं वाकडी केली असती. मग ती फ्रिजपुढे उभी राहिली. उरलेलं हॅम होतं, त्याची जाड कातडी होती. शिवाय सलगमाचं आणि गाजराचं लातिक्को होतं, म्हणजे कुस्करून केलेला गोडसर लगदा. सणाला घरोघरी हौसेने भट्टीत भाजतात आणि तिसऱ्या दिवशी घरोघरी ते कोणालाच नको असतं. आणि ओट्यावर हॅम भाजलेला ट्रे तसाच पडला होता, कारण खुब्यामुळे तिला तो घासवला नव्हता. तळाला काळसर तपकिरी खरपूड धरलेली.

"आळशीपणाही देवाने कामी आणला गं बाई," ती पुटपुटली आणि ट्रेमध्ये उकळतं पाणी ओतलं.

खरपूड सुटली आणि वास असा उठला की तिचा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला. कातडी बारीक चिरून कुरकुरीत परतली, हॅमचे तुकडे टाकले, आणि दोन्ही लातिक्को चमच्याने खरवडून पातेल्यात ढकलली. ढवळता ढवळता सूप दाटलं, सोनेरी झालं. तिने पुन्हा चाखलं.

"आत्ता कसं!"

बाराच्या ठोक्याला दोघं आली. जेवताना आमच्याकडे कोणी बोलत नाही. एक वाडगा संपला, दुसरा संपला. मग वोइत्तोने मिशा पुसल्या आणि म्हणाला, "खाण्यासारखं झालंय." आमच्या भागात याच्यापेक्षा मोठी स्तुती नाही. सायमीने मान खाली घातली. आता बोलावं, तिला वाटलं. काटा होता तिथेच होता.

"आणि हो, सकाळी तुझी चरबी टाकून आलो," वोइत्तो म्हणाला. "पण यंदा हॅम फसवं निघालं हां तुझं. एका खोक्याचं तोंड उघडं होतं, आत बघतो तर चरबी तपकिरी!"

राइलीचा चमचा थांबला. तिने सायमीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं.

"चरबी पांढरी असते, वोइत्तो," ती हळूच म्हणाली. "तपकिरी असतो तो रस्सा."

वोइत्तोचा चेहरा पडला. तो उठला आणि टोपी शोधू लागला. "मी नको तिथे हात घालतो. नेहमीचंच माझं. नको ते करून..."

"बस खाली!" सायमी अशी गरजली की राइलीसुद्धा दचकली. "बस म्हणते ना! सूप खायला बोलावलंच नाही मी तुम्हाला. आभार मानायला बोलावलंय. लाकडांचे, बर्फाचे, सौनाचे. तुम्ही नसता तर मी हा सण पाहिला नसता. आणि ती लाकडं... ती कधी ओली नव्हती. एकदाही नाही."

राइलीने नाक पुसलं. वोइत्तोने खिडकीबाहेरच्या पाखरांकडे पाहिलं.

"नोव्हेंबरात थोडी ओली होती," तो म्हणाला, खाली बसला आणि वाडगा पुढे केला. "वाढ."

दुसऱ्या दिवशी सायमीला जाग आली ती गाडीच्या आवाजाने. ती काठी टेकत ओसरीवर आली. पायऱ्या झाडलेल्या होत्या, याही दिवशी. वरच्या पायरीवर दुधाचा एक खोका होता, दगडासारखा गोठलेला, आणि त्यावर राइलीच्या अक्षरात ठसठशीत लिहिलं होतं: "आमच्या हॅमचा रस्सा. चरबी नाही. वोइत्तो, हात लावू नकोस."

गाडी तळ्याच्या वळणाला लागली होती. सायमीने खोका छातीशी धरला आणि शाळेतला तो आवाज लावला.

"आभारी आहे!"

पलीकडून दोनदा हॉर्न वाजला.