योर्गचे कपडे

वळणावरच्या नाशपातीच्या झाडाला टांगलेला माणूस माथेस आहे, हे लोरेंझला आधी बुटांवरून कळलं. डाव्या बुटाचा सुटलेला तळवा त्यानेच टेलिफोनच्या तारेने बांधून दिला होता. माथेसच्या गळ्यात पुठ्ठा अडकवलेला होता: ‘मी भेकड होतो.’

दोघं जर्मन सैन्याच्या एकाच तुकडीत, टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामावर. तुकडीची दाणादाण उडाली तेव्हा माथेस म्हणाला, "झालं की रे सगळं. मी चाललो घरी." दोघं वेगवेगळ्या वाटांनी निघाले. माथेस मोठ्या रस्त्याने गेला, लोरेंझ रानातून. एवढाच काय तो फरक.

१९४५चा एप्रिल संपत आला होता. अमेरिकन तोफांचा आवाज डॅन्यूबपर्यंत पोचला होता. युद्ध हरल्याचं शेंबड्या पोरालाही कळत होतं, पण गळ्यात पत्र्याचा बिल्ला घातलेले लष्करी पोलीस अजून गावोगाव हिंडत होते आणि पळालेला शिपाई सापडला की जवळचं झाड बघत होते. लोरेंझला झाडाखाली थांबून टोपीही काढता आली नाही. तो ओढ्यात उतरला आणि वाकून, पाण्यापाण्यातून पाणचक्कीकडे निघाला.

त्याचं स्वतःचं गाव पूर्वेला होतं, रशियनांच्या ताब्यात गेलेलं. पाणचक्कीवर झेंझी होती. दोन वर्षांपूर्वी त्याची तुकडी तिथे उतरली होती, तेव्हा तो तिच्याकडे शिडी मागायला गेला होता. "देईन," ती म्हणाली होती, "पण परत द्यायला दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस." त्याने शिडी मुद्दाम उशिरा परत केली. नंतर एक रजा मिळाली, आणि त्या रजेत लग्नाचं ठरलं.

अंगणात झेंझी चादरी वाळत घालत होती. त्याला बघून ती ओरडली नाही. हातातली ओली चादर तिने त्याच्या डोक्यावरून टाकली आणि त्याला तसंच आत ओढलं.

"कुणी बघितलं?"

"नाही. माथेसला लटकवलंय, झेंझी."

"माहीत आहे. काल आमच्या दारावरूनच नेला." तिने खिडकी लावून घेतली. "तू कसलाही आवाज करू नकोस."

तिचा बाप आल्बन दारात उभा होता. गेल्या हिवाळ्यात त्याचा योर्ग रशियनांशी लढताना मारला गेला होता, एकुलता एक मुलगा.

"लग्नाआधीच घरजावई आला म्हणायचा," तो म्हणाला. "तू सापडलास तर हिलाही लटकवतील. कळतंय ना?"

"कळतंय, काका. म्हणाल तर जातो."

"जाशील कुठे? चाकाखाली जा."

पाणचक्कीच्या चाकाखाली दगडी खड्डा होता. त्याच्या भिंतीत, एक माणूस अंग चोरून बसेल एवढा कोनाडा होता. समोर ते प्रचंड लाकडी चाक, शेवाळलेलं, हात लांब केला तर लागेल इतकं जवळ. लोरेंझ दिवसभर तिथे बसायचा. वरच्या फळ्यांवरून कुणी चाललं की पावलं मोजण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हतं: झेंझी हलकी, आल्बन एक पाय ओढत. तिसरं पाऊल वाजलं की तो कोनाड्यात आणखी आत सरकायचा. तिसरं पाऊल बहुतेक वेळा दूध न्यायला आलेल्या शेजारणीचंच असायचं.

झेंझी भाकरी घेऊन उतरायची आणि क्षणभर त्याच्या ओल्या खांद्याला गाल लावून बसायची. "अमेरिकन जवळ आले की योर्गचे कपडे घालायचेस," ती कुजबुजायची. "गडी म्हणून सांगू. आत्ता नको, गावात सगळे तो कोट ओळखतात."

"काका देतील?"

आल्बन आधी नाहीच म्हणाला होता. योर्गच्या कपड्यांच्या पेटीला त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता. पण एका सकाळी झेंझीने पाहिलं, तो अंगणात कोट झटकत होता. झटकून झाल्यावर त्याने कोट, विजार, टोपी असं सगळं दाराआडच्या खुंटीला टांगलं आणि निघून गेला.

त्याच दुपारी अंगणात बूट वाजले. एकाच माणसाचे, जड.

लोरेंझने श्वास धरला. पण ओलाव्याने त्याची छाती भरून आली होती. त्याने बाही दातांत दाबली, डोळ्यांतून पाणी आलं आणि तरीही खोकला निसटला.

वरची पावलं थांबली. मग आल्बनचा पाय ओढल्याचा आवाज आला, चाकावर पाणी सोडायच्या दाराकडे जाणारा. साखळी करकरली. पुढच्या क्षणी पाणी कोसळलं आणि चाक फिरू लागलं.

लोरेंझ भिंतीला पाठ चिकटवून उभा राहिला. चाकाच्या फळ्या छातीसमोरून झपझप वर जात होत्या. पाणी नाकातोंडात जात होतं. म्हाताऱ्याला योर्गचा सूड उगवायचाय, त्याच्या मनात आलं. माझा पोरगा मेला आणि हा जगतोय, असं त्याला वाटलं असणार. वर काय चाललंय ते आता काहीच ऐकू येत नव्हतं. झेंझीला नेत असतील का? बाहेर यावं का? त्याला यायचं होतं, पण पाय हलेनात. नंतर आयुष्यभर त्याला ठरवता आलं नाही, की तो तेव्हा शहाणपणाने थांबला की भीतीने.

चाक थांबलं. झेंझीने खाली हात दिला.

"गेला," ती म्हणाली.

तोच होता. माथेसला नेणारा, लष्करी पोलिसांतला हवालदार. एकटा आला होता, बिल्ला खिशात घालून. त्याचे सोबती पांगले होते आणि त्याला साधे कपडे हवे होते. खोकला ऐकून तो म्हणाला होता, "खाली कोण आहे ते मी विचारत नाही. खुंटीवरचे कपडे कुणाचे तेवढं सांग."

"आणि तू दिलेस?"

"दिले."

"माथेसला मारणाऱ्याला? योर्गचे?"

"तुझ्या बदल्यात दिले," झेंझी म्हणाली. "पुन्हा दिले असते. तुला राग यायचा तर येऊ दे, पण जिवंत राहा."

आल्बन पायरीवर बसला होता. "पुढचा खोकला झाकायला पाणी सोडलं," तो लोरेंझकडे न बघता म्हणाला. "कोनाड्यात चिकटून राहिलास ते बरं केलंस." मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

अमेरिकन आले तेव्हा लोरेंझच्या अंगावर लष्करी कपडेच होते. चादर काठीला बांधून झेंझी पुढे चालली आणि तो हात वर करून मागे. त्यांनी त्याला ट्रकमध्ये चढवलं. झेंझी ट्रकच्या मागे धावली. ती काहीतरी सांगत होती, ते इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही.

युद्धकैद्यांच्या छावणीत उघड्यावर, चिखलात माणसं मरत होती. तो मेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात सुटला आणि चालत निघाला.

पाणचक्कीच्या कुंपणाशी मात्र त्याचे पाय थांबले. आतून पुरुषांचे आवाज येत होते. तो झुडपामागे बसला. झेंझीने त्याला खिडकीतून पाहिलं. ती बाहेर आली, पण तिने त्याला हात धरून उठवलं नाही. त्याच्या शेजारी गवतात बसली.

"कोण आहेत?" त्याने विचारलं.

"शेजारी. पिठाला आलेत."

"जाऊ देत त्यांना आधी."

"जाऊ देत," ती म्हणाली, आणि दोघं तिथेच बसून राहिले.